भिंतीतल्या कपाटात पालेभाजी: दिव्यांआधी उष्णतेचा आणि ओलाव्याचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतील तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये कुठेही ऊन येत नाही. पॅसेजच्या भिंतीत कडप्प्याच्या फळ्या असलेले तीन फूट रुंद, बावीस इंच खोल आणि सात फूट उंच कपाट रिकामे पडले आहे. त्यात दिवे लावून मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, मिरची आणि जमल्यास मोगरा लावता येईल का, आणि कोणते दिवे घ्यावेत, असे आपण विचारले आहे. मेथी आणि कोथिंबीर चांगली येतील. टोमॅटो आणि मिरचीची रोपे तयार करता येतील, पण फळे धरेपर्यंत ती झाडे या कपाटात ठेवू नयेत. मोगऱ्याला भरपूर ऊन मिळाल्याशिवाय कळ्या येत नाहीत, त्यामुळे त्याचा विचार सोडून द्यावा. मात्र कोणते दिवे घ्यावेत या प्रश्नाआधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि कपाटातील बहुतेक बागा फसतात त्या तिथेच. कपाटात तयार होणारी उष्णता आणि ओलावा बाहेर कुठून जाणार, हा तो प्रश्न. उजेड बाजारात विकत मिळतो, परंतु कोकणपट्टीच्या दमट हवेत बंद कपाट कोरडे आणि गार राखणे हे रोजचे काम आहे आणि मांडणी करतानाच त्याची सोय करून ठेवावी लागते.

तरीही उजेडाचा हिशेब आधी मांडतो, कारण उष्णता किती निर्माण होणार हे त्यावरूनच ठरते. माणसाच्या डोळ्याला लख्ख वाटणारा उजेड वनस्पतीच्या दृष्टीने जेमतेम असतो. वनस्पती साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरते आणि त्याची मोजणी दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल (प्रकाशकण मोजण्याचे एकक) प्रकाशकण पडतात यावरून होते. निरभ्र दुपारी उन्हात हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो, तर छताजवळ लावलेल्या एका ट्यूबलाइटखाली तो तीन-चारच्या वर क्वचितच जातो. पालेभाजीला दीडशे ते अडीचशे पुरतात. टोमॅटोला फळे धरण्यासाठी चारशे ते पाचशे तरी हवेत, तेही रोज सोळा तास. म्हणजे टोमॅटोसाठी दिवे दुप्पट किंवा अधिक, उष्णता तितक्याच पटीने जास्त आणि वर झाडाची उंची. म्हणून आपल्या कपाटाला काय पेलेल ते आधी पाहावे आणि त्यावरून पीक ठरवावे, आवडीच्या पिकासाठी कपाट ताणू नये.

आपल्या एका फळीचे क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर भरते. बाजारात मिळणारी दहा वॉटची, दोन फुटी पांढरी एलईडी बॅटन सुमारे हजार ल्यूमेन (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचे माप) प्रकाश देते. अशा आठ बॅटन एका फळीवर लावल्या आणि बाजूच्या भिंती पांढऱ्या असल्या, तर पानांवर सरासरी १७० मायक्रोमोलच्या आसपास प्रकाश पडतो. रोज चौदा तास दिवे ठेवले तर दिवसाची बेरीज दर चौरस मीटरला साडेआठ मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) होते आणि मेथी, कोथिंबीर, पालक यांना ती पुरते. लेट्यूसला बारा मोलपेक्षा जास्त मिळाले तर ते भरदार होते, पण साडेआठ-नऊ मोलवरही पाने खाण्याजोगी येतात. शेतीसाठीचे खास दिवे एका वॉटमागे जवळपास दुप्पट उपयुक्त प्रकाश देतात. सुरुवातीचा खर्च परवडत असेल तर ते घेणे शहाणपणाचे आहे, कारण तेवढ्याच उजेडासाठी वीज आणि उष्णता दोन्ही निम्म्यावर येतात. जांभळा उजेड देणारे स्वस्त दिवे मात्र घेऊ नयेत. त्यांच्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही, आणि पिवळेपणा किंवा बुरशीचा पहिला डाग वेळेवर दिसला नाही तर पुढचे उपाय कामाचे राहत नाहीत.

बॅटनची लांबी खरेदीआधी टेपने मोजून पाहावी, कारण चार फुटी बॅटन आपल्या तीन फुटी कपाटात मावणार नाही आणि दोन फुटी बॅटन बावीस इंचांच्या खोलीत आडवी बसणार नाही. ती रुंदीच्या दिशेनेच लावावी लागेल आणि मग दोन्ही टोकांना मिळून फूटभर जागा उरेल. एक बॅटन डाव्या भिंतीला टेकवून, पुढची उजव्या भिंतीला टेकवून, अशा आलटून पालटून आठ ओळी केल्या तर कडेच्या ट्रेही अंधारात राहत नाहीत. मधला पट्टा थोडा अधिक उजळ राहतो, म्हणून आठवड्यातून दोनदा ट्रेंच्या जागा बदलाव्यात. दिवे पानांच्या शेंड्यांपासून १५ ते २० सेंटिमीटरवर राहतील असे साखळीवर टांगावेत आणि पीक वाढेल तशी साखळीची कडी वर सरकवावी. कडप्प्याला भोक पाडायला जाऊ नये, तो तडकतो. बाजूच्या दोन भिंतींत हुक बसवून त्यांवर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या टाकाव्यात आणि दिव्यांची चौकट त्यांना अडकवावी.

मोबाइलमधील लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन) मोजणारे ॲप इथे कामाला येते. पांढऱ्या एलईडीखाली आलेल्या लक्सच्या आकड्याला सत्तरने भागले की मायक्रोमोलचा ढोबळ अंदाज मिळतो, म्हणजे बारा हजार लक्स म्हणजे साधारण १७०. निरनिराळे फोन निरनिराळे आकडे दाखवतात, त्यामुळे या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये, परंतु एकाच फोनने मध्यभाग आणि कोपरा यांतील फरक मात्र चांगला कळतो. कोपऱ्यात मध्यभागाच्या निम्म्याहून कमी आकडा आला, तर दिवे वाढवण्याआधी भिंतींकडे पाहावे. आतून साधा पांढरा, चकाकी नसलेला आणि पुसता येणारा रंग द्यावा. तो पडलेल्या प्रकाशापैकी मोठा भाग परत फेकतो. कडप्पा काळा असल्याने उजेड गिळतो, त्यामुळे फळीच्या खालच्या बाजूलाही पांढरा रंग द्यावा किंवा पांढऱ्या फ्लेक्सचा तुकडा चिकटवावा. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची फॉइल भिंतींना लावू नये. ती चुरगळते, मागे पाणी साचते आणि सैल वायरला लागली तर तिच्यातून करंट उतरतो.

आता उष्णतेकडे वळू. दिवा एलईडीचा असला तरी त्यात गेलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी कपाटात उष्णता म्हणूनच उरते. दोन फळ्यांवर मिळून आपले १६० वॉट होतात, आणि दीड-दोन माणसे सतत कपाटात बसून राहिली तर जितकी ऊब येईल तितकी ही ऊब आहे. ती बाहेर काढायला किती हवा लागेल याचा एक सोपा हिशेब मी नेहमी वापरतो. वॉटना तीनने गुणावे आणि कपाटाचे तापमान खोलीपेक्षा जितके अंश वाढलेले चालेल तितक्याने भागावे. येणारे उत्तर म्हणजे ताशी लागणारे घनमीटर. खोलीपेक्षा तीन अंश वाढ चालत असेल तर १६० गुणिले ३ भागिले ३, म्हणजे ताशी १६० घनमीटर हवा हलली पाहिजे. सहा इंची एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर यापेक्षा मोठा आकडा लिहिलेला असतो, पण जाळी, वळण आणि अरुंद छिद्र यांमुळे प्रत्यक्षात तो निम्म्यावर येतो असे धरून चालावे. पंखा कपाटाच्या माथ्याशी बसवावा. हवा आत घेणारी जाळी तळाशी असावी आणि ती पंख्याच्या तोंडाच्या दीडपट ते दुप्पट मोठी ठेवावी. आत यायला वाट नसेल तर कितीही चांगला पंखा नुसता आवाज करत राहतो.

पंखा बसवणे शक्य नसेल, किंवा घर भाड्याचे असल्याने भिंतीला हात लावता येत नसेल, तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे कपाटाची दारे काढून ठेवणे. उघड्या कपाटासमोर एक लहान टेबल फॅन मंद गतीने फिरत ठेवला तरी दोन फळ्यांचे काम भागते. उजेड डोळ्यांवर येत असेल तर पांढरा सुती पडदा खाली एक वीत आणि वर एक वीत मोकळी सोडून लावावा. दार बंद करून आत सुबक बाग दडवण्याची हौस मला समजते, परंतु बंद दार आणि तापलेली ओली हवा यांत पालेभाजी टिकत नाही.

टिश्यू कल्चरच्या, म्हणजे वनस्पतीच्या लहानशा तुकड्यापासून बाटलीत रोपे वाढवण्याच्या (ऊतिसंवर्धनाच्या) प्रयोगशाळांत वाढ-खोल्या असतात. त्यांत मांडण्यांवर ट्यूबलाइटखाली बाटल्यांतील रोपे वाढतात, आणि आपल्या कपाटातील मांडणी ही त्यांचीच लहान आवृत्ती म्हणता येईल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील वनस्पती ऊतिसंवर्धनाच्या कामाने तर १९९० मध्ये बाटलीतील बांबूला फुले आणून जगाचे लक्ष वेधले होते. जुन्या वाढ-खोल्यांत ट्यूबलाइटचे चोक खोलीच्या बाहेर ओळीने बसवलेले असत, कारण चोकची उष्णता आत ठेवून ती पुन्हा एसीने बाहेर काढणे म्हणजे दुहेरी खर्च. आपणही एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारे डबे) सुटे असतील तर ते कपाटाच्या वर, लॉफ्टवर ठेवावेत. तिथे पाणी पोहोचत नाही, उष्णता बाहेर राहते आणि ड्रायव्हर बिघडला तर झाडे न हलवता बदलता येतो.

ओलाव्याचा प्रश्न उष्णतेपेक्षा अवघड आहे. आपण झाडांना जे पाणी घालतो त्यातील फारच थोडे झाडात उरते. बाकीचे पानांवाटे आणि ट्रेमधून वाफ होऊन हवेत जाते. दोन फळ्या हिरव्यागार भरलेल्या असताना रोज दीड ते दोन लिटर पाणी अशा रीतीने कपाटाच्या हवेत मिसळते. दिवे चालू असताना हवा गरम असल्याने हे जाणवत नाही, पण दिवे मालवले की तापमान उतरते, सापेक्ष आर्द्रता झपाट्याने वर जाते आणि मागच्या भिंतीवर, पानांच्या कडांवर दव धरते. बुरशी वाढते ती या अंधाराच्या तासांत. म्हणून दिव्यांसोबत पंखाही टाइमरवर टाकण्याची सर्रास पद्धत मला मान्य नाही. दिवे टाइमरवर असावेत, पंखा मात्र चोवीस तास, निदान मंद गतीने, चालू असावा.

पावसाळ्यात एक गोष्ट आपल्या बाजूने घडते आणि ती नीट समजून घेतली तर जुलै-ऑगस्टही निभावतो. बाहेरची हवा २७ अंश तापमानाची आणि ८८ टक्के आर्द्रतेची असली, तर तीच हवा कपाटात येऊन ३१ अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांवर येते, कारण गरम हवा अधिक बाष्प धरू शकते. म्हणजे मे महिन्यात नकोशी असलेली दिव्यांची ऊब पावसाळ्यात कपाट कोरडे ठेवते. त्या महिन्यांत कोथिंबीर सोडून इतर पिकांना दिवे सोळा तासांपर्यंत वाढवावेत, पाणी कमी करावे आणि ट्रे एकमेकांना चिकटवून ठेवू नयेत. उन्हाळ्यात याच्या उलट वागावे. डोंबिवलीला मे महिन्यात दुपारी पारा ३५ अंशांच्या आसपास असतो. त्यात कपाटाचे चार अंश मिळवले तर ३९ अंशांत कोथिंबीर उगवणारच नाही आणि लेट्यूसचे बी गरम मातीत निद्रिस्त होऊन पडेल. म्हणून मार्च ते जूनचा पाऊस सुरू होईपर्यंत दिवे संध्याकाळी सातला लावावेत आणि सकाळी नऊला मालवावेत. झाडाला दिवस कोणता आणि रात्र कोणती हे दिव्यांवरूनच कळते, त्यामुळे आपली रात्र हा त्याचा दिवस करायला कोणतीच अडचण नाही. दहा-वीस तारखेपर्यंत एक वेळ आणि मग दुसरी, असे मात्र करू नये. ऋतू बदलेल तेव्हा एकदाच बदल करावा.

नाशिक किंवा पुण्याकडील वाचकांना हिवाळ्यात याचा वेगळा फायदा मिळतो. तिकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच गार असतात आणि कपाटाची ऊब लेट्यूस, पालक, कोथिंबीर या सर्वांना मानवते. कपाटाचा सर्वांत सुखाचा काळ तोच.

फळ्यांविषयी सांगायचे तर आपल्याकडे कडप्पा आहे ही चांगली गोष्ट आहे. तो कुजत नाही, फुगत नाही आणि पुसून स्वच्छ होतो. प्लायवूडचे कपाट असते तर ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचे मरीन प्लाय असल्याशिवाय आणि त्यावर सनमायका असल्याशिवाय मी होकार दिला नसता. साध्या प्लायचे पापुद्रे सुटतात आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) तर एका पावसाळ्यात फुगून बसतो. कडप्प्याच्या फळ्या सहसा चौदा-पंधरा इंचांवर असतात आणि तेवढी उंची पुरत नाही. ट्रे, पीक, मोकळी जागा आणि दिवा मिळून ५५ ते ६० सेंटिमीटर लागतात, त्यामुळे एक आड एक फळी गवंड्याकडून काढून घ्यावी लागेल. वजनाचाही विचार करावा. संपूर्ण फळीभर आठ सेंटिमीटर जाडीचा ओला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरला तर त्याचे वजन ३५ किलोच्या घरात जाते. शाबूत फळीला ते झेपते, परंतु मधोमध केसासारखी जरी चीर दिसली तरी तिच्याखाली लोखंडी अँगलचा आधार दिल्याशिवाय ट्रे ठेवू नयेत. उष्ण हवा वर चढते म्हणून वरच्या फळीवर दोन-तीन अंश जास्त असतात. पालक आणि तुळस वर, कोथिंबीर आणि लेट्यूस खाली, अशी वाटणी करावी. पालेभाजीच्या दुकानात मिळणारा आपला पालक हा बीटाच्याच जातीचा असून विलायती स्पिनॅचपेक्षा उष्णता बरी सोसतो, हे त्याला वर पाठवण्याचे कारण.

विजेच्या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये. ज्या सॉकेटवरून हे दिवे चालणार, त्याच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे. ओले हात, धातूची चौकट आणि कपाटातील पाणी हे तिन्ही एकत्र येणारच आहेत. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नये. बोर्ड तळाशी न ठेवता ट्रेंच्या पातळीच्या वर, बाजूच्या भिंतीवर बसवावा आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली उतरणारा झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडतो, प्लगमध्ये शिरत नाही. जोड नुसत्या टेपने न गुंडाळता कनेक्टरमध्ये घ्यावेत. वीज दोन-चार तास गेली तर झाडांचे काही बिघडत नाही, त्यामुळे इन्व्हर्टरवर हा भार टाकण्याची गरज नाही.

खर्चाचे स्पष्ट सांगतो. १६० वॉट रोज चौदा तास म्हणजे महिन्याला सुमारे ६७ युनिट होतात. युनिटमागे दहा रुपये धरले तर पावणेसातशे रुपये, आणि आपला वापर शंभर किंवा तीनशे युनिटांच्या उंबरठ्यावर असेल तर वरचा स्लॅब लागून आणखी थोडे. एवढ्या पैशांत बाजारातून भरपूर जुड्या येतात, म्हणून भाजीचा खर्च वाचेल या अपेक्षेने हे करू नये. फवारणी नसलेली, कापल्या कापल्या ताटात येणारी भाजी आणि घरातल्या मुलांना उगवण डोळ्यांसमोर पाहता येणे यांचे मोल वाटत असेल तर जरूर करावे. आधी एकच फळी चालवून पाहावी. दुसरीचे दिवे दोन महिन्यांनी घेतले तरी चालतात.

पहिले पीक म्हणून मी मेथीच सुचवीन, आणि तीही समुद्रमेथीच्या धर्तीवर. मुंबईच्या बाजारात वाळूत वाढवलेली, पांढऱ्या मुळांसकट बांधलेली बोटभर उंचीची जी जुडी मिळते, ती कोवळीच उपटलेली मेथी असते. कपाटासाठी यापेक्षा सोयीचे पीक नाही. मेथीदाणे रात्रभर भिजवून पाच सेंटिमीटर जाडीच्या थरावर दाट पसरावेत आणि वर अर्धा सेंटिमीटर कोकोपीट भुरभुरावा. तिसऱ्या दिवसापर्यंत मोड वर येतात आणि दोन आठवड्यांत जुडी तयार होते. मोठ्या पानांची मेथी हवी असेल तर आणखी दहा-बारा दिवस थांबावे. पीक इतक्या लवकर निघते की बुरशीला जम बसवायला वेळच मिळत नाही. कृषी सेवा केंद्रातून आणलेले बी गुलाबी किंवा निळ्या रंगात बुडवलेले असेल तर ते बुरशीनाशक लावलेले असते. असे बी कोवळी रोपे मुळांसकट खाण्यासाठी कधीही वापरू नये. किराण्यातील स्वच्छ मेथीदाणे बहुधा उत्तम उगवतात.

कोथिंबीर अधिक लक्ष मागते. धण्याच्या एका बोंडात दोन बिया असतात, म्हणून धने पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून दोन फाका करावेत. जोर लावला तर आतील बी चिरडते, तेव्हा टक्‌ असा आवाज आला की हात थांबवावा. बारा तास भिजवून, निथळून, एक सेंटिमीटर खोल पेरावेत. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात आणि या काळात ट्रेवर ओले सुती फडके घालून तो कपाटाच्या सर्वांत खालच्या, गार जागी ठेवावा. उजेडाची गरज नसते. पहिली दोन पाने लांबट, गवतासारखी येतात, त्यांना पाहून चुकीचे बी आले असे समजू नये. कातरलेले खरे पान त्यांच्या मधून निघते. त्या दिवसापासून दिवे रोज बारा तासच ठेवावेत, कारण लांब दिवस आणि उष्णता मिळून कोथिंबिरीला लवकर फुलोऱ्यावर आणतात आणि पाने बारीक होऊन संपतात. म्हणून मेथी-पालकाची फळी आणि कोथिंबिरीची फळी यांचे टाइमर वेगळे असावेत. पंख्याची झुळूक पानांना जेमतेम हलवेल इतकी त्यांच्यावर यावी, त्यामुळे दांडा जाड होतो आणि पान वाळते राहते. ३५ ते ४५ दिवसांत पहिली कापणी मिळते.

टोमॅटो आणि मिरचीची रोपे प्रोट्रेमध्ये (रोपांसाठी छोटे खण असलेल्या ट्रेमध्ये) चार-पाच आठवडे कपाटात उत्तम वाढतात. नंतर ती उन्हाची गच्ची असलेल्या नातेवाइकाकडे किंवा गावच्या परसात पाठवावीत. पाठवण्याआधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेरच्या उजेडात ठेवून त्यांना सरावू द्यावे, नाहीतर पहिल्याच उन्हात पाने भाजतात. पुदिना बाजारातील जुडीच्या काड्या पाण्यात ठेवून मुळे फुटल्यावर लावता येतो.

माध्यम म्हणून बागेची लाल माती आत आणू नये. ती जड असते आणि तिच्यासोबत किडे येतात. धुतलेला कोकोपीट तीन भाग आणि चाळलेले गांडूळखत एक भाग हे मिश्रण पुरेसे आहे. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून तो दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्यावा. पाणी नेहमी खालच्या तसराळ्यात घालावे आणि अर्ध्या तासात शोषले न गेलेले ओतून टाकावे. वरून शिंपडू नये. ट्रे उचलून पाहण्याची सवय लावून घ्यावी, हलका लागला तरच पाणी द्यावे. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालण्याची आपल्याकडे रीत आहे, पण त्यात क्षार एकवटलेले असतात आणि उथळ ट्रेमध्ये ते साचून पानांच्या कडा जळतात. कपाटासाठी पालिकेचे नळाचे पाणी एक रात्र उघडे ठेवून वापरावे. खरे पान आल्यावर आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम इतकेच द्यावे. दोन आठवड्यांच्या मेथीला त्याचीही गरज नसते.

रोगांपैकी एकच कपाटात वारंवार भेटतो, तो म्हणजे रोपे कोलमडणे. सकाळी उभी असलेली रोपे संध्याकाळी एका गोलाकार भागात आडवी दिसतात आणि जमिनीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो. पडलेली रोपे वाचत नाहीत. तो भाग भोवतालच्या बोटभर माध्यमासह काढून घराबाहेर टाकावा, पाणी तोडावे आणि पंख्याचा झोत त्या ट्रेकडे वळवावा. पुढच्या पेरणीआधी ट्रे ब्लीचच्या सौम्य पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा आणि पेरणीच्या बियांना किलोला पाच ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळावा. बियांवर लावलेले हे औषध पोटात जाऊ नये म्हणून अशा ट्रेमधील भाजी मुळांसकट न उपटता वरून कापून घ्यावी आणि धुऊन वापरावी. माध्यमावर घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माश्या दिसल्या तर तोही पाणी जास्त होत असल्याचा निरोप आहे. एक पिवळा चिकट सापळा प्रत्येक फळीवर टांगावा. खाण्याची पाने आणि इतके कमी दिवसांचे पीक असल्यामुळे कपाटात कीटकनाशक फवारूच नये. पीक बिघडले तर ट्रे रिकामा करून नव्याने पेरणे हाच स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे.

आपण दरवर्षी गणपतीला आठवडाभर गावी जाता असे लिहिले आहे, त्यासाठी शेवटची सूचना. जाण्याच्या आदल्या दिवशी कापण्याजोगे सर्व कापून घ्यावे आणि मेथीचे ट्रे रिकामे करून धुऊन उलटे ठेवावेत. कोथिंबीर ठेवायचीच असेल तर तो ट्रे, वीज आणि पंखा चालू ठेवण्यापेक्षा, शेजाऱ्यांच्या खिडकीत ठेवायला द्यावा. कपाटाचे बटण बंद करून प्लग काढावा, दारे सताड उघडी ठेवावीत आणि तसराळ्यांत थेंबभरही पाणी उरू देऊ नये, कारण भाद्रपदातील बंद, ओल्या कपाटात आठवड्याभरात भिंतीवर काळी बुरशी धरते आणि पुढची पेरणी त्या बुरशीतच करावी लागते.